बाळाच्या झोपेचं सामान, बेळगावच्या बाजारात काय घ्यावं काय सोडावं: जाळीचा सेट, राईची उशी, झोळीचा स्टँड आणि सुताराची खाट

आधी रेटिंग सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढं वाचून निघालं तरी चालेल. मच्छरदाणीवाला गादी सेट, पाचपैकी दोन, ते दोन पण जाळीचे, गादीला काही नाही. राईची उशी शून्य. स्प्रिंगचा झोळी स्टँड, माल म्हणून चांगला, वेल्डिंग साफ आहे, पावडर कोटिंग पण बरं, खरं तान्ह्या बाळाला रात्रभर झोपवायला शून्य. सुतारानं करून दिलेली खाट साडेचार, अर्धा मार्क पॉलिशच्या वासाचा आणि "उद्या देतो की" चा. आणि खडेबाजारातलं ते दुकान जिथं हे सगळं बघितलं त्याला तीन. माणसं गोड आहेत, चहा विचारतात, खरं बाळ झोपतं कसं याच्याशी त्या दुकानातल्या कुणाला काही घेणंदेणं नाही.

मी उद्यमबागेत टर्नर आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी टेप लावायचा ही खोड आहे आणि त्यावरून घरात बोलणी पण खातो, तेव्हा हा रिव्ह्यू मापांचाच होणार, सुंदर दिसतंय का क्यूट आहे का ते दुसऱ्याला विचारा.

हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर मॅडमनी सगळं सांगितलेलं. बाळाला प्रत्येक वेळी उताणं झोपवायचं, दुपारची डुलकी असली तरी. खाली घट्ट आणि सपाट गादी. अंथरुणात बाळ सोडून दुसरं काहीच नाही, उशी नाही, लोड नाही, वाकळ नाही, टेडी नाही. आईबाबांच्याच खोलीत खरं वेगळ्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने. शेजारच्या कॉटवरच्या बाईला सिस्टर हेच कन्नडमधून सांगत होत्या, "अंगात मलगिसरी, मग्गलागी बेड", म्हणजे उताणंच, कुशीवर पण नको. एवढं साधं आहे. आणि हे ऐकून तुम्ही बाजारात गेलात की कळतं की बाजारात नेमकं याच्या उलटं सामान भरलंय. सगळं मऊ, सगळं फुगीर, सगळ्याला कडेनं झालरी.

पहिला तो जाळीचा सेट. हा आम्ही घेतलेला नव्हे, बाळाच्या आत्यानं निपाणीहून आणला, प्रेमानं आणला म्हणून त्याच्यावर जास्त बोलायचं नाही असं बायकोनं बजावलंय. तरी सांगतो. पारदर्शक पिशवीत येतो, चेन उघडली की छत्रीसारखी जाळी उभी राहते, खाली अस्वलाच्या चित्राची गादी, दोन्ही बाजूला दोन छोटे लोड आणि डोक्याकडं मध्ये खड्डा असलेली उशी. दिसायला एक नंबर. गादी हातानं दाबली तर आतला स्पंज इतका पातळ आणि ढिला की बोट खालच्या फरशीला लागतं आणि कडेचा भाग वर येतो. मग मी काय केलं, नंदिनीची अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणून ठेवली वर. पिशवी मस्त रुतली, आजूबाजूनं अस्वलं वर आली. तीच पिशवी काथ्याच्या गादीवर ठेवली तर फरशीवर ठेवल्यासारखी पडून राहिली, गादीवर वळ पण नाही. बायको म्हणाली दूध नासेल, ठेव फ्रीजमध्ये.

आता त्या रुतण्यानं काय होतं ते बघा. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मानेत जोर नाही. ते जर कलंडून पालथं झालं आणि नाक त्या खड्ड्यात गेलं तर त्याला मान उचलून तोंड बाजूला करता येत नाही. मग आपणच सोडलेली हवा ते परत परत ओढत राहतं, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, ऑक्सिजन कमी. मोठा माणूस असला तर दचकून उठतो, लहान बाळाचं ते जागं व्हायचं तंत्रच अजून कच्चं असतं, पोटावर तर ते आणखीन गाढ झोपतं. आज्या म्हणतात ना पालथं घातलं की बाळ शांत झोपतं, खरंच झोपतं, आणि भीती त्याचीच आहे. आवाज नाही, रडणं नाही, काही नाही.

त्या सेटमधले लोड म्हणजे तर बाळाच्या तोंडाच्या उंचीला बरोबर ठेवलेला कापूस. अमेरिकेत २०२२ साली कायदाच झाला, पाळण्याच्या कडेनं लावायचे असले मऊ पॅड विकायलाच बंदी. आपल्याकडं ते सेटमध्ये फुकट येतात.

जाळी मात्र चांगली आहे, जाळीला नावं ठेवणार नाही. वडगावात पावसाळ्यात मच्छर काय असतात ते राहणाऱ्यालाच ठाऊक, डेंग्यूची भीती वेगळी. आमच्या सेटची जाळी गादीला चेननं जोडलेली होती म्हणून वेगळी निघाली, ती पुढं खाटेवर ताणून बसवली, कुठं ढिली लोंबत नाही हे बघून. शिवलेली जाळी असेल तर घेऊ नका. गादी कुठं गेली? आई बाळाला तेल लावायला पाय लांब करून बसते ना, तिच्या बुडाखाली. आत्या आली की दिसते, वापरात आहे म्हणून खूश.

राईची उशी. याच्यावर फार लिहायचं नाही असं ठरवलेलं खरं प्रत्येक घरात आहे म्हणून लिहितो. मोहरी भरलेली छोटी उशी, डोकं गोल व्हायला. कोण आलं की पहिला प्रश्न, "डोस्कं चपटं होतंय की, उशी घातली न्हाई?" अहो बाळाला एक वर्ष होईपर्यंत उशीच नको. मऊ असो की मोहरीची, मान पुढं वाकते आणि श्वासाची नळी दबते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं सरळ सांगितलं, डोकं गोल होतं याला पुरावा नाही आणि गुदमरायचा धोका आहे म्हणून. मग डोकं चपटं होऊ नये म्हणून करायचं काय तर दिवसा बाळ जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना त्याला थोडा वेळ पोटावर घालायचं. यानं मान पण मजबूत होते. झोपवताना डोकं एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला. आम्ही खाटेत बाळाची दिशाच बदलतो, आज डोकं खिडकीकडं तर उद्या दाराकडं, ते उजेडाकडं बघतं त्यामुळं मान आपोआप दुसरीकडं वळते. फुकटात होतं. थोडं चपटं राहिलं तरी बसायला लागलं, लोळायला लागलं की बहुतेक बाळांचं भरून येतं, जास्तच वाटलं किंवा मान एकाच बाजूला अडकल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना दाखवा. मोहरी फोडणीला वापरा.

आता मोठा विषय, झोळी. इथं माझी आणि आईची रीतसर जुंपली. आईचं म्हणणं एकच, तू झोळीत वाढलास, तुझा काका झोळीत वाढला, येळ्ळूरच्या घरात अजून तुळईला तो हूक आहे, जाऊन बघ. बरोबर आहे. जुन्या साडीची झोळी, शेतात झाडाला बांधली, मातीची जमीन, साप विंचू, कोंबड्या, तिथं बाळाला वर टांगणं हाच शहाणपणा होता. आणि कोण ना कोण दोरी ओढत शेजारी बसलेलं असायचं, आजी नाहीतर घरातली थोरली पोरगी. आता दोरी ओढणारं कोण आहे? स्प्रिंग लावली, मोटर लावली आणि सगळे टीव्हीसमोर.

दुकानातला तो स्टँड बघितला. लोखंडी पाईप, वर स्प्रिंग, खाली जाळीदार कापडाची झोळी. पोरगी म्हणाली, "घ्या की सर, सगळे हेच न्हेतात, बाळ चार-चार तास उठत नाही." मी झोळीत हात घालून बघितला, तळ होडीसारखा गोल. बाळ त्यात ठेवलं की पाठ वाकणार, हनुवटी छातीला टेकणार. तान्ह्या बाळाची श्वासनळी अगदी बारीक आणि मऊ, हनुवटी खाली दबली की ती नळी मुडपते. त्यात झोळीचं कापड दोन्ही गालांना चिकटलेलं. कुशीवर वळलं तर नाक कापडात, आणि तळ गोल असल्यामुळं त्याला परत सरळ होता येत नाही. शेजारीच एक तिरका रॉकर होता, बाळ अर्धवट बसल्यासारखं झोपतं तो. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप काढून त्याच्या पाठीवर ठेवलं, तीस अंशाच्या आसपास दाखवत होतं. पोरगी बघतच राहिली, मालकांनी पण मान वर काढली. हिशेब सांगतो, दोन फूट लांबीला चार इंच उचल म्हणजे जवळपास दहा अंश, झोपायची जागा त्याच्यावर तिरकी नसावी, सपाट असेल तर उत्तमच. अमेरिकेत फिशर प्राइस कंपनीनं २०१९ मध्ये असल्या तिरक्या झोपाळ्याचे तब्बल ४७ लाख नग परत मागवले, त्यात बाळं दगावली होती म्हणून. वर सांगितलेल्या २०२२ च्या कायद्यात दहा अंशाच्या वरचे झोपाळे झोपेसाठी विकायला पण बंदी आली. आमच्याकडं तेच "न्यू अरायव्हल" म्हणून काचेत.

मग आई म्हणाली, सपाट उताणं ठेवलं आणि दूध वर आलं तर? गुदमरणार की. हा प्रश्न खरा आहे आणि सगळ्या आया विचारतात. याचं उत्तर डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून दिलं, मला पाईपलाईनची सवय असल्यामुळं लगेच डोक्यात बसलं. गळ्यात दोन नळ्या, श्वासाची पुढं, अन्नाची मागं. बाळ उताणं असलं की श्वासाची नळी वर राहते आणि अन्नाची खाली. दूध उलटून आलं तर ते खालच्या पायपात असतं, वरच्या पायपात जायला त्याला चढावं लागतं, म्हणून ते तोंडातून बाहेर येतं नाहीतर बाळ परत गिळतं. पालथं घातलं की सगळं उलटं होतं, अन्ननळी वर, श्वासनळी खाली, आलेलं दूध सरळ खाली उतरायला मोकळं. आईनं तो कागद चष्मा लावून बघितला, उलटा धरला, सुलटा धरला. काही बोलली नाही, खरं त्या रात्रीपासून बाळाला पालथं घालायचं बंद केलं. ढेकर काढून मग उताणं ठेवायचं, एवढंच. उलट्या फार होणाऱ्या बाळालासुद्धा उताणंच, खाटेचं डोकं विटा घालून वर करायची गरज नाही. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या किंवा काही आजार असलेल्या बाळाचं वेगळं असू शकतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, माझं नको.

कुशीवर चालेल का म्हणून पण विचारतात, पूर्वी दवाखान्यातच कुशीवर ठेवायचे पाठीला टॉवेलची गुंडाळी लावून. कुशीवर बाळ स्थिर राहत नाही, तिथून पालथं व्हायला एक हिसका पुरतो. म्हणून आता कुशीवर पण नको.

या उताण्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे, मी रात्रपाळी सोडून आलेल्या पहाटे बाळाला मांडीवर घेऊन मोबाईलवर हेच वाचत बसायचो. पश्चिमेकडच्या देशांत एक काळ डॉक्टरच सांगत होते की पोटावर झोपवा. मग झोपेत अचानक बाळं जायची, कारण सापडत नव्हतं, त्याला सिड्स म्हणतात. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनं पोटावर झोपवू नका असं जाहीर केलं, १९९४ पासून "बॅक टू स्लीप" मोहीम निघाली, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत तिथलं सिड्सचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. औषध नाही, मशीन नाही, फक्त बाळाची बाजू बदलली. जास्त धोका पहिल्या चार महिन्यांत, नव्वद टक्के प्रकार सहा महिन्यांच्या आत. बाळ आपणहून दोन्ही बाजूनं कलंडायला शिकलं की मग आपण उताणं ठेवायचं आणि झोपेत ते वळलं तर वळू द्यायचं, रात्रभर पहारा द्यायची गरज नाही.

असं सगळं बघून दुकानातनं काही न घेता निघालो. म्हणजे एक रबर शीट आणि दोन फिटिंगच्या चादरी घेतल्या, मालकांना वाईट वाटू नये म्हणून. दुकानात तयार लाकडी कॉट होती एक, खरं तिची एक बाजू वर-खाली सरकणारी, आणि ती बाजू हातात घेतली तर लटपटत होती. सरकत्या बाजूच्या कॉट अमेरिकेत २०११ पासून विकायला बंद आहेत, कडी निसटून फट पडते आणि बाळ त्या फटीत अडकतं. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "सर तुम्ही फार शिकलाय." आयटीआय झालंय म्हटलं.

मग खानापूर रोडवरच्या एका सुताराकडं गेलो. आमच्या वर्कशॉपचे पॅकिंगचे खोके तोच करतो. सागवान परवडत नव्हतं, शिवणीचं लाकूड घेतलं, हलकं असतं आणि रंधा छान बसतो. त्याला डिझाईन पाहिजे होतं, कडेला मोर काढतो म्हणाला, डोक्याकडं कमान, चार कोपऱ्याला चार गोंडे. मी म्हटलं मोर नको, गोंडे नको, कोपरे गोल मारून द्या आणि दांड्यांमधलं अंतर मला सहा सेंटिमीटरच्या आत पाहिजे. का म्हणून विचारलं त्यानं. बाळ पायाकडनं सरकत फटीत गेलं तर अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं, सहाच्या आत असलं की अंगच जात नाही. त्याला एकदम पटलं, म्हणाला त्याच्या भावाच्या पोराचं डोकं गॅलरीच्या जाळीत अडकलं होतं. मी वर्कशॉपमधनं साठ मिलिमीटरचा एक गोल गेज टर्न करून नेला, कुठल्याही दोन दांड्यांमधून तो आरपार गेला नाही पाहिजे. एका ठिकाणी गेला. दांडी परत ठोकून घेतली. सुतार हसत होता खरं त्याचा पोरगा मन लावून एकेक फट गेजनं तपासत होता, पुढच्या गिऱ्हाईकाला पण हेच देतो म्हणाला.

गादी खाटेच्या मापाची पाहिजे हे लक्षात ठेवा, आधी खाट मग गादी असं नाही, दोन्हीची मापं एकदमच ठरवायची. गादी आणि चौकटीच्या मध्ये दोन बोटं जाऊ नयेत. काथ्याची चार इंची करून घेतली. गादीवाले मामा वरून कापसाचा एक थर देतो म्हणत होते, "बाळाला टोचंल की रे", नको म्हटलं. आपल्याला कडक वाटते ती बाळाला बरोबर असते, त्याचं वजन किती, तीन किलो. वर रबर शीट, त्याच्यावर घट्ट बसणारी एक चादर, संपलं. लोक बघायला येतात आणि म्हणतात अगं किती रिकामं रिकामं ठेवलंय बाळाला, जेलमध्ये ठेवल्यागत. रिकामंच पाहिजे.

तक्रार सांगतो. पॉलिशचा वास. सुतारानं शेवटच्या दिवशी पॉलिश मारून तसंच टेम्पोत घातलं, जुलैचा पाऊस, वाळायला ऊन नाही, घरात वास भरून राहिला. खाट गॅलरीत पंखा लावून ठेवावी लागली आणि तोपर्यंत बाळ जमिनीवर काथ्याच्या गादीवर झोपलं, बायकोच्या गादीला लागून खरं वेगळ्या गादीवर. बाळ जन्मायच्या महिनाभर आधी ऑर्डर द्या आणि पॉलिश न मारता नुसती घासून गुळगुळीत मागा, तेच बरं. आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं, स्क्रू ढिले पडतात, मधून मधून आवळून घ्या. चाकं लावून घेतली ती मात्र उपयोगाची, ब्रेकवाली. रात्री खाट पलंगाला लागून, दिवसा ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी.

थंडीचा विषय काढला नाही तर आई म्हणेल अर्धवट लिहिलंस. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे चांगली थंडी असते आणि बाळ म्हटलं की टोपडं, कुंची, मोजे, दोन दुपटी, वर वाकळ. झोपेत वाकळ तोंडावर येते, आणि अंग फार तापलं तर तो पण धोकाच. आपण जेवढे कपडे घातलेत त्याच्यापेक्षा एक थर जास्त, बस. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागं नाहीतर छातीला हात लावून बघायचं, तिथं घाम असेल तर एक कपडा काढा. घरात झोपताना टोपडं काढायचं, डोक्यातून बाळाची बरीच ऊब बाहेर जाते. गुंडाळायचं असेल तर छातीशी सैल, कमरेखाली पाय हलतील असं, पाय सरळ करून करकचून बांधलं तर खुब्याचा सांधा बिघडतो. आणि बाळ कलंडायची धडपड करायला लागलं की गुंडाळणं बंद. गळ्यातला काळा दोरा आम्ही काढून पायात बांधला, दृष्ट पायातनं पण जात असेल की.

शेगडी. शेक-धुरी पूर्ण बंद करा म्हटलं असतं तर मलाच घरातनं काढलं असतं. तेव्हा खिडकी उघडी, शेगडी बाळंतिणीपुरती, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि शेक झाला की कोळसे बाहेर अंगणात. बंद खोलीत कोळसा धुमसत ठेवून झोपणं म्हणजे मोठ्या माणसांचा पण जीव जायचं काम आहे, लहान बाळाला तर धूर अजिबात नको. बिडी-सिगारेटवाल्यांनी पण हे वाचावं, बाहेर ओढून आलो म्हणून चालत नाही, आणि ओढणाऱ्यानं किंवा पिऊन आलेल्यानं बाळाच्या अंथरुणात तर अजिबात झोपू नये. आमच्या एका पाहुण्याला हे तोंडावर सांगावं लागलं, त्यानं बारशाला आहेर कमी घातला.

आता खरी परिस्थिती. रात्री दोन वाजता, लाईट गेलेली, बाळ तासातासाला उठतंय, बायको पाजता पाजता डुलकी घेते. हे होतंच, कुठल्या पण घरात होतं, त्यासाठी आईला बोल लावणारा माणूस स्वतः कधी रात्री उठलेला नसतो. तेव्हा आम्ही असं केलं की पाजायचं ते पलंगावर, सोफ्यावर कधीच नाही. सोफ्यावर झोप लागली तर बाळ फटीत घसरतं, तो सगळ्यात वाईट. पाजायला बसताना आजूबाजूच्या उशा आणि वाकळ मी आधी काढून ठेवायचो, आणि मोबाईलला गजर लावून मी उठायचो, बाळ उचलून खाटेत ठेवायचो. तेवढं काम नवऱ्याला जमतं. पाजायचं काम जमत नाही म्हणून हे तरी करा. अंगावरचं दूध पाजल्यानं पण सिड्सचा धोका कमी होतो म्हणे मॅडम, तेव्हा त्या रात्रीच्या उठण्याचा उपयोगच आहे.

बारशाला सजवलेला पाळणा भाड्यानं आणला, शहापूरमधनं, फुलांच्या माळा, मखमली उशी, घुंगरं, सगळं. छान होता, भाडं पण वाजवी. नाव ठेवून झालं, फोटो झाले, सगळ्या बायका भोवती उभ्या, तेवढ्यापुरता ठीक. जेवणं व्हायच्या आधी बाळ परत आपल्या खाटेत. पाळणेवाल्याला पाच.

आशाताई येतात घरी तपासायला, वजन बिजन करतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची फेरी असते. त्यांना बाळ झोपतं ती जागा दाखवा आणि विचारा. आमच्या ताईंनी खाट बघून मापं लिहून घेतली, त्यांच्या भाचीचं बाळंतपण जवळ आलंय.

दुकानाला तीन दिले त्याचं कारण सांगायचं राहिलं. जाळीच्या सेटची एक चेन बिघडली होती, सेट निपाणीचा होता, यांच्या दुकानातला नव्हताच, तरी त्यांनी बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. माणसं वाईट नाहीत. मी मालकांना म्हटलं घट्ट सपाट गादी आणि नुसती जाळी असं वेगळं ठेवा, लोक घेतील. ते म्हणाले, "सर, अस्वल नसलं तर कोण घेत नाही."

मापं विचारतात बरेच जण म्हणून देऊन टाकतो. आतून लांबी चार फूट, रुंदी दोन फूट. दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरच्या आत. गादी चार इंच काथ्याची. गादीच्या वरून कठड्याची उंची दोन फुटाच्या पुढं, आणि तळाच्या फळीला खाली बसवायचं दुसरं एक भोक आधीच पाडून घ्या, बाळ बसायला लागलं की फळी खाली उतरवायची, नाहीतर ते उभं राहून कठड्यावरनं उडी मारतंय. चारी बाजू फिक्स. लाकूड, मजुरी, चाकं, गादी सगळं धरून मला सात हजाराच्या आत पडलं, सागवानात दुप्पट धरा. गणेश चतुर्थीच्या आधी सुताराकडं जाऊ नका, तेव्हा ते मखरांच्या कामात असतात, फोन पण उचलत नाहीत.